सँटाची टोपी आणि केळीच्या खोडाची होडी

प्रिय ताई,

मी २६ वर्षांची. गेल्या वर्षीपासून थायलंडच्या ईसान भागातल्या एका लहान शहरात, प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. एका वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. मुलं गोड आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही, सणांबद्दल आहे. यंदा दिवाळी आली आणि गेली, शाळेत कुणाला पत्ताही नाही. गेल्या वर्षी हौसेने तीस स्लाइड्स करून दिवाळी समजावून सांगितली, तर निम्मी मुलं पेंगली आणि उरलेली खिडकीबाहेर बघत बसली. आता डिसेंबर तोंडावर आलाय आणि नाताळचा सगळा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडलाय, कारण ‘तुम्ही परदेशी, म्हणजे तुमचाच सण’. आमच्या घरी नाताळ कधीच झाला नाही. गेल्या वेळी माझ्या गोऱ्या सहकाऱ्याला सँटा केलं आणि मला हिरवे कपडे घालून त्याचा मदतनीस, म्हणजे एल्फ. तीन आठवडे तालमी चालल्या, गाण्यातला एक शब्द मुलांना कळला नाही, आणि २५ तारखेला सुट्टीसुद्धा नव्हती. हे नाटक मी का करायचं? सरळ नाही म्हणू का? आणि पुढच्या दिवाळीला रजा काढून, खोलीत एकटीने का होईना, साजरी करू का? इथे माझं असं काहीच नाही, असं वाटत राहतं. (मला ‘तू’च म्हणा.)

— एल्फ

एल्फबाई,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा ते हिरवे कपडे डोळ्यांपुढे आले. मीही थायलंडमध्ये चार वर्षं शिकवलंय, उत्तरेकडे. मला एका वर्षी ख्रिसमस ट्री केलं होतं. एल्फला निदान हलता येतं.

तुझ्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. वर्गात जे चाललंय ते तुला खोटं वाटतं, हे एक. दुसरं, तू घरापासून लांब आहेस आणि सणासुदीला ते जास्त टोचतं. तू दुसऱ्या दुखण्याचं औषध पहिल्यात शोधतेयस. रागावू नकोस, पण त्या तीस स्लाइड्स तू मुलांसाठी केल्याच नव्हत्यास. मुलांनी ते ओळखलं आणि ती झोपली.

आधी डिसेंबर. नाही म्हणू नकोस. म्हणजे म्हणू शकतेस, पण त्यातून फक्त हिरवे कपडे वाचतील. थायलंडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं बौद्ध आहेत, २५ डिसेंबर हा कामाचा दिवस, आणि तरी शाळाशाळांतून झाड उभं राहतं, गाणी होतात, बक्षिसं वाटली जातात. याचं कारण साधं आहे. पालकांना आणि मुख्याध्यापकांना शाळेतलं इंग्रजी डोळ्यांनी दिसतं ते त्या एका दिवशी. त्यामुळे ‘हा माझा सण नाही’ ही अडचण तुझ्याइतकीच मंचासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची आहे. (कॅथलिक मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळाही तिथे आहेत. तिथे तो सण खरोखर त्यांचा असतो आणि पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं. तुझी शाळा तशी दिसत नाही.)

मुलांना एकदा सरळ सांगून टाक: मी ख्रिश्चन नाही, माझ्या घरी हा सण होत नव्हता, पण जगात पुष्कळ लोक तो साजरा करतात, आणि त्यातल्या सगळ्यांची भाषा इंग्रजी नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे व्यवस्थित कळतं. तुझ्या मनावरचा खोटेपणाचा भारही तेवढ्याने निम्मा उतरेल. वर्गात एखादं मुसलमान किंवा ख्रिश्चन मूल आहे का, हे थाई सहशिक्षिकेकडून आधीच काढून घे. कुणाला येशूजन्माचा प्रवेश बसवायची हौस आली तर ते माहीत असलेलं बरं. मी तो प्रवेश कधी बसवला नाही. ज्यांची ती श्रद्धा आहे ती माणसं आसपास नसताना त्याचं सोंग आणू नये, असं माझं मत.

सँटा आणि एल्फ यातला काटा मला कळतो. ‘परदेशी इंग्रजी शिक्षक’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चेहरा येतो आणि तो आपला नसतो. पण कपड्यांवरून भांडून काही हाती लागत नाही. मी भांडून पाहिलंय. पुढच्या वर्षी मला आणखी मोठं झाड केलं.

भांडायचंच तर तासांसाठी भांड. कॅलेंडर समोर घे. ५ डिसेंबर सुट्टी: राजे भूमिबोल यांचा जन्मदिवस, तोच तिथला पितृदिन आणि राष्ट्रीय दिन. १० डिसेंबर संविधान दिन. ३१ आणि १ नववर्षाची. मध्ये क्रीडास्पर्धा नाहीतर स्काउटचं शिबिर घुसणारच. जानेवारीचा दुसरा शनिवार बालदिन, १६ तारखेला शिक्षक दिन, आणि दोन्हींच्या आधीचे दिवस तयारीत. यातून तीन आठवडे तालमी वजा केल्या तर शिकवायला राहतं काय?

हे सभेत सगळ्यांसमोर मात्र बोलू नकोस. ‘क्रेंगजाय’ हा शब्द एव्हाना तुझ्या कानावर आला असेल. आपण ज्याला भीड म्हणतो त्याच्या जवळचा. सभेत अडचण मांडलीस तर सगळे हसतील, माना डोलावतील आणि पुढे काहीही होणार नाही. सहशिक्षिकेला बरोबर घे, परकीय भाषा विभागाच्या प्रमुखांना एकटं गाठ, आणि गाऱ्हाणं न मांडता सौदा कर. मंचावरचं एक गाणं मी बसवते, पण तालमीला दोनच तास घेईन, आणि सूत्रसंचालन मुलं इंग्रजीतून करतील. मुलांच्या हातात माइक म्हटलं की विभागप्रमुख खूश होतात, फोटो चांगला येतो. गाणं चार ओळींचं घे, हातवारे करून दाखवता येतील अशा शब्दांचं. बर्फाची गाणी टाळ. ईसानमधल्या मुलाला डिसेंबरातल्या सकाळी स्वेटर लागतो हे खरं, पण बर्फ त्याने फक्त पेल्यात पाहिलाय.

मंचाचं झालं. वर्गात मात्र मुलांचं स्वतःचं काय चाललंय तिकडे बघ. नववर्षाच्या सुट्टीआधी थाई वर्गांत ‘चाप चलाक’ होतो, तो तू गेल्या वर्षी पाहिला असशीलच. प्रत्येकाने ठरलेल्या किमतीची एक भेट कागदात गुंडाळून आणायची, चिठ्ठी उचलायची, आकडा निघेल ती भेट आपली. आठवडाभर आधीपासून मुलांच्या अंगात वारं शिरलेलं असतं. तू सँटा-सँटा करत बसतेस आणि त्यांच्या डोक्यात चिठ्ठ्या फिरत असतात. मग इंग्रजी तिकडेच नेऊन सोड.

एका तासाला खोकी. आठ-आठ मुलांचे पाच गट, प्रत्येकाला एक बंद खोकं. ते हलवायचं, वास घ्यायचा, आणि विचारायचं: ‘इज इट सॉफ्ट?’ ‘कॅन यू ईट इट?’ ‘इज इट फॉर अ बेबी?’ प्रश्न मुलांचे, तुझ्या तोंडून फक्त ‘येस’ किंवा ‘नो’. दुसऱ्या तासाला देण्याघेण्याची बोली: ‘धिस इज फॉर यू’, ‘ओपन इट’, ‘थँक यू, आय लव्ह इट’. भेट आवडली नाही तर काय म्हणायचं, तेही शिकव. हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. मी एकदा एका मुलीला फाटका मोजा गुंडाळून दिला होता. तिने तो उलगडला, वर धरला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, ‘आय लव्ह इट, टीचर. आय नीड वन मोअर.’

भेटकार्डांना वेगळा तास देऊ नकोस, ती जाताजाता होतात. शिवाय थाई मुलांची टोपणनावं तुला माहीतच आहेत: बँक, आइस, मिंट, फर्स्ट. ‘टू बँक, फ्रॉम आइस’ एवढं लिहिलं तरी निम्मं इंग्रजी झालं.

खरं सोनं नोव्हेंबरात होतं आणि ते तू यंदा हातचं घालवलंस. लोय क्रथोंग. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा. २०२४ मध्ये तो १५ नोव्हेंबरला आला होता आणि आपली त्रिपुरी पौर्णिमाही त्याच दिवशी होती. शाळेत केळीच्या खोडाच्या चकत्यांचा ढीग पडतो. मुलं केळीच्या पानांच्या घड्या करून टाचण्यांनी कडेला लावतात. वर फुलं, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. झाली होडी. रात्री ती पाण्यात सोडायची.

पहिल्या वर्षी मी त्या दिवशी ‘फेस्टिवल’ या विषयावर रिकाम्या जागा भरायला दिल्या होत्या. आता लाज वाटते. दुसऱ्या वर्षी टेबलावर खोड, पानं आणि टाचण्या ठेवल्या आणि म्हटलं, मला येत नाही, मला शिकवा. अट एकच, इंग्रजीत. प्रथोम ५ मधला, म्हणजे पाचवीतला, एक मुलगा होता, इंग्रजीत कायम शेवटचा. माझी घडी बघून तो अक्षरशः कळवळला. ‘नो, टीचर. नो, नो. स्मॉल. स्मॉल अँड स्मॉल.’ मग माझ्या हातातून पान काढून घेतलं. ‘लुक. फर्स्ट धिस. देन धिस. नॉट फास्ट!’ त्याआधीच्या सगळ्या सत्रात मिळून त्याच्या तोंडून एवढं इंग्रजी मी ऐकलं नव्हतं. त्याला जे येत होतं ते मला खरोखरच येत नव्हतं, आणि माझे हाल बघून गप्प बसणं त्याला शक्य नव्हतं. मी त्याला मध्येच थांबवून सुधारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचीच वाक्यं फळ्यावर लिहिली, जरा नीट करून: ‘मेक इट स्मॉलर’, ‘फर्स्ट, फोल्ड द लीफ’. खाली त्याचं नाव घातलं. मग सगळ्या वर्गाने त्यावरून चित्रं काढून पायऱ्या लिहिल्या.

तेव्हापासून सणाचा तास ठरवताना मी एकच गोष्ट बघायचे: यात मुलांना माहीत आहे आणि मला नाही, असं काय आहे? खोटा अज्ञानीपणा चालत नाही, मुलं पकडतात. तू तिथे परकी आहेस, त्यामुळे खरं अज्ञान तुझ्याकडे भरपूर आहे. फक्त होडी पाण्यात सोडायची वेळ आली की धडा बंद कर. ‘फ्रा मे खोंगखा’ची, म्हणजे गंगामाईची, क्षमा मागायची ती घटका असते. तेव्हा मेणबत्तीचा रंग इंग्रजीत विचारणारी बाई कुणालाच नको असते.

आता दिवाळी. वर्गात आणूच नकोस असं मी म्हणत नाही. थोडी आण. ती काही वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत सापडते, काही वर्षी नोव्हेंबरात दुसरं सत्र उघडलं की लगेच येते. सुट्टीत गेली तर सत्राच्या पहिल्या आठवड्यात कर, तिथी कुणी तपासणार नाही. स्लाइड एकही नको. पटांगणात खडूने ठिपक्यांची रांगोळी घाल, पाच बाय पाच ठिपके पुरेत. जोड्या कर. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात खडू, आणि चित्र दुसऱ्याला दाखवायचं नाही. ‘स्टार्ट ॲट डॉट थ्री. गो अप टू डॉट्स. टर्न लेफ्ट. नो, युवर अदर लेफ्ट!’ डावं-उजवं, आकडे, आज्ञार्थ सगळं त्यात येतं आणि आरडाओरडा भरपूर होतो, तो होऊ दे. शेवटी एवढंच सांग की आमच्याकडे अमुक दिवसांत दारापुढे हे काढतात, त्या दिवसांना दिवाळी म्हणतात. कुणी ‘का?’ विचारलं तर पुढचं सांग. नाही विचारलं तर हात धुवायला पाठव.

जमिनीवर ओम, गणपती किंवा लक्ष्मीची पावलं मात्र काढू नकोस. डोकं पवित्र आणि पाय हलके, हे थाई मनात पक्कं बसलेलं असतं. देवाच्या खुणेवरून मुलं चालली तर बघणाऱ्याला ते सहन होणार नाही. आणि गणपती काही तिथे उपरा नाही. ‘फ्रा फिकनेत’ म्हणून त्याची पूजा होते, तो कलावंतांचा देव, सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे.

यावरून तुझं ते वाक्य: इथे माझं असं काहीच नाही. तू राहतेस तो भाग ईसान, म्हणजे आपलं ईशान्य. शिकवतेस ते वर्ग प्रथोम, म्हणजे प्रथम. शिक्षकांना परवाना देणारी संस्था खुरुसफा, म्हणजे गुरुसभा. पहिल्या सत्राच्या सुरुवातीला एका गुरुवारी मुलांनी गुडघ्यांवर येऊन फुलांची तबकं शिक्षकांपुढे धरली असतील. तो ‘वाय ख्रू’. ख्रू म्हणजे गुरू. तो गुरुवारीच धरतात, आणि गुरुवारचं थाई नाव बृहस्पतीवरून आलंय. त्या तबकात काय होतं ते नीट बघितलंस का? इक्झोराच्या टोकदार कळ्या, मान खाली घातलेलं वांग्याचं फूल आणि दूर्वा. कळ्या तल्लख बुद्धीसाठी, वांग्याचं फूल नम्रतेसाठी, दूर्वा चिकाटीसाठी. मी पहिल्यांदा त्या दूर्वा ओळखल्या तेव्हा रांग संपेपर्यंत मला मान वर करता आली नव्हती.

हे सगळं तुझ्यापाशी ठेव. स्टाफरूममध्ये सांगायला जाऊ नकोस. ‘हे मूळचं आमचंच’ हा सूर आपल्या लोकांना फार लवकर लागतो. मीही लावला होता, सोंगक्रान (तिथलं एप्रिलातलं पारंपरिक नववर्ष) म्हणजे आमची संक्रांतच की, असा. जेवायला बसलो होतो. समोरच्या ज्येष्ठ शिक्षिका हसल्या आणि त्यांनी मला आणखी भात वाढला. त्या भाताचा अर्थ मला वर्षभराने कळला.

रजेचं. वैयक्तिक कामासाठी किती रजा मिळते ते करारात बघ, आणि सत्र उघडायच्या आधीच सांगून ठेव. पण खोलीत एकटीने बसायला रजा काढू नकोस. माझी पहिली दिवाळी तशी गेली. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. घरी सात वाजता पूजा सुरू झाली तेव्हा माझ्याकडे साडेआठ झाले होते. तीन तास फोन भिंतीला टेकवून बसले होते. पलीकडे माणसं येत होती, जात होती, कॅमेऱ्यासमोरून साड्यांचे काठ सरकत होते. मध्येच कुणीतरी वाकून म्हणालं, ‘अगं, तू आहेस होय अजून?’ त्यापेक्षा शाळेत गेले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी पंधरा मिनिटं बोलून फोन ठेवला आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर दोन मेणबत्त्या लावल्या. (बाहेरच लाव, आणि आधी विचारून. लाकडी घर असेल तर मुळीच नको.) घरमालकीणबाई जिन्यावरून जाताना थबकल्या. काय आहे, विचारलं नाही. थोड्या वेळाने परत आल्या आणि दाराच्या मुठीला ‘फुआंग मालाय’, म्हणजे फुलांचा एक हार, अडकवून गेल्या. त्यांना ते काय वाटलं, मला आजही माहीत नाही.

रजा काढायचीच तर माणसांकडे जायला काढ. ईसानमधून बँकॉकला रात्रीच्या गाड्या आहेत. फाहुरात हा तिथला जुना भारतीय कापडबाजार, त्याला लागूनच मोठा गुरुद्वारा. सिलोमला मारिअम्मन देवीचं तमिळ देऊळ आहे, थाई लोक त्याला ‘वाट खेक’ म्हणतात. खेक म्हणजे पाहुणा. आपल्यालाही तोच शब्द लावतात, कधी मायेने, कधी नाही, ते तू ओळखायला शिकशील. तिथे मराठी कानावर पडेलच असं नाही. पण आज काय आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका दिवसापुरतं मला तेवढं पुरायचं.

तर सोमवारी आधी सहशिक्षिकेशी बोल. चाप चलाकची किंमत यंदा किती ठरली आहे तेही विचार आणि चिठ्ठ्यांत तुझं नाव घालायला सांग. आम्ही परदेशी शिक्षक त्या दिवशी नुसते फोटो काढत उभे असायचो. भेट आणायची नाही, म्हणून मिळायचीही नाही. तिसऱ्या वर्षी मी नाव घातलं. प्लास्टिकचं, बदकाच्या आकाराचं एक घड्याळ मिळालं. ते अजून चालतं. दर तासाला बोंबलतं.

— ताई